‘बाई, अधिक करू की उणे?’ : तिसरीत गेलेल्या मुलाच्या पालकांसाठी

दरवर्षी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर एक शाब्दिक उदाहरण लिहिते आणि मुलं ते उतरवून घेत असतानाच मागून कुणीतरी विचारतं, “बाई, अधिक करू की उणे?” विचारणाऱ्याला अधिकही येत असतं आणि उणेही. “उणे कर” म्हटलं की तो दोन मिनिटांत बरोबर उत्तर आणून दाखवतो. त्याने फक्त फळ्यावरची दोन वाक्यं वाचलेली नसतात. आकडे तेवढे उचललेले असतात.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे बऱ्याच वेळा आला आहे. “आमच्या पोराचं गणित कच्चं आहे हो” असं सांगत पालक आले की मी आधी त्या पोराच्या हातात मराठीचं पुस्तक देते. दहातल्या सहा-सात वेळा दुखणं तिथेच सापडतं. पहिली-दुसरीत गणित आकड्यांत असतं, मराठी चित्रांत असतं, आणि बाकीचं बाई तोंडाने सांगतात. तिसरीत गणित वाक्यांत येतं, परिसर अभ्यास परिच्छेदांत येतो, आणि बाई म्हणायला लागतात, “वाचा आणि लिहा.” या लेखातली निम्मी कामं त्यामुळेच वाचनाशी येऊन थांबतील. वर्ष ज्या क्रमाने उलगडतं त्याच क्रमाने सांगते.

मे-जून : पुस्तकं, वह्या, दप्तर

राज्य मंडळाच्या शाळेत तिसरीला मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास असे विषय असतात, शिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. नवा पाहुणा म्हणजे परिसर अभ्यास. दुसरीपर्यंत त्याचं वेगळं पुस्तक नसतं. सीबीएसईच्या शाळांतही हा विषय तिसरीपासूनच वेगळा होतो, आणि तिथे एनसीईआरटीने तिसरीची सगळी पुस्तकं २०२४ साली नवी आणली. राज्यातही नव्या अभ्यासक्रमानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत आणि दुसरी, तिसरी, चौथीचा टप्पा २०२६-२७ साठी जाहीर झाला होता. तेव्हा चुलत बहिणीची जुनी पुस्तकं कव्हर घालून ठेवण्याआधी शाळेत एकदा विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात, ती बाहेरून विकत घेऊ नका. घरी एखादी प्रत हवीच असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ असतात.

वह्यांचं म्हणाल तर बऱ्याच शाळांत तिसरीला मराठीची दुरेघी जाऊन एकरेघी येते. गणिताला चौकटीची आणि इंग्रजीला चाररेघी राहते. एकरेघीवर पहिले दोन महिने अक्षर उताणं पडतं, कधी डोंगर चढतं. ऑगस्टपर्यंत ते आपोआप जागेवर येतं, तोवर रागावू नका. वह्या मात्र शंभर पानीच घ्या. दोनशे पानी वही स्वस्त पडते, पण ती वर्षभर मुलाच्या पाठीवर असते.

दप्तराचं वजन करायची सोपी रीत सांगते. मुलाला आधी नुसतं आणि मग दप्तरासकट वजनकाट्यावर उभं करा, फरक पाहा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार तिसरी ते पाचवीसाठी हे वजन १.७ ते २.५ किलो असावं. लिटरभर पाण्याची बाटली एकटीच किलोभर भरते, त्यामुळे शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर छोटी बाटली द्या. त्याच धोरणात या वर्गांसाठी गृहपाठ आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलं आहे. आठवड्याला, रोज नव्हे. तुमच्या घरी रोज रात्री दीड तास रडारड चालत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला. तक्रार घेऊन जाऊ नका, “एवढा वेळ लागतोय, कुठे अडतंय ते बघाल का?” असं विचारत जा. फरक पडतो.

पहिले पंधरा दिवस : साठ शब्दांची परीक्षा

केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलासाठी एक उद्दिष्ट ठरवून दिलं आहे : अनोळखी मजकूर मिनिटाला किमान साठ शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचता यावा. गणितासाठी ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि गुणाकाराची सोपी उदाहरणं. ही उद्दिष्टं तिसरीच्या शेवटाची आहेत. जूनमध्ये मूल चाळीसवर असेल तर घाबरायचं कारण नाही, वीसवर असेल तर कामाला लागायला हवं.

घरी हे कसं पाहायचं? मुलाने आधी न वाचलेला एक उतारा घ्या. साठावा शब्द मोजून त्याच्यापुढे पेन्सिलीने बारीक टिंब द्या. घड्याळ मुलाला दिसणार नाही असं ठेवा, नाहीतर ते शर्यत लावतं. वाचताना मध्ये चूक सुधारू नका. मिनिट झालं की फक्त विचारा, “काय होतं त्यात?”

आता कान कुठे ठेवायचा ते सांगते. जोडाक्षराशी मूल थबकतं का? ‘त्याच्या’चं ‘ताचा’ आणि ‘विद्यार्थी’चं ‘विदयारथी’ होतं का? पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकतं का, म्हणजे पुस्तकात ‘पाऊस’ असताना ‘पाणी’ म्हणतं का? हे दोन्ही दोष सरावाने जातात. तिसरा प्रकार फसवा असतो. मूल धडाधडा वाचतं, एक चूक नाही, आई-बाबा खूश, आणि “काय होतं त्यात?” म्हटल्यावर ते तुमच्याकडे बघत राहतं. असं मूल दुसरीपर्यंत वर्गात हुशारांत मोडलं जातं आणि तिसरीत अचानक मागे पडल्यासारखं वाटतं.

तिन्हींवर औषध एकच, मात्रा वेगळी. रोज दहा मिनिटं आलटून-पालटून वाचा : एक वाक्य तुम्ही, एक मुलाने. एकच उतारा तीन दिवस घ्या. तिसऱ्या दिवशी ते सुरात येतं आणि आपल्याला जमतंय हे त्याचं त्याला कळतं. मग असा एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर कुठल्याच ओळीत जसंच्या तसं लिहिलेलं नाही. “आजी का हसली असेल?” या प्रश्नाला धड्यातलं वाक्य उचलून देता येत नाही.

जोडाक्षरांसाठी माझं आवडतं साधन म्हणजे लग्नपत्रिका. कपाटात चार-पाच पडलेल्याच असतात. ‘स्नेहांकित’, ‘शुभाशीर्वाद’, ‘व्यवस्थापक’ : एका पत्रिकेत महिन्याभराची जोडाक्षरं सापडतात, आणि वर आपल्या मामाचं नाव शोधायची मजा.

ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, ते मला भीत भीत सांगतात, “बाई, आम्ही काय घेणार अभ्यास?” भाकरी थापताना मुलाला शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मूल अडखळलं की तुमच्या कानाला कळतंच. आणि वाचून झाल्यावर “मला सांग बरं, काय झालं पुढं?” हा प्रश्न न वाचता येणारी आई खरंखुरं कळायला हवं म्हणून विचारते, तेव्हा मूल जीव तोडून सांगतं. आम्हाला वर्गात ते साधत नाही.

शुद्धलेखनाबद्दल एवढंच की सगळ्या चुका एका दमात लाल करू नका. एका आठवड्याला एक गोष्ट धरा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे कळलं की ऱ्हस्व-दीर्घाला काही अर्थ असतो हे मुलाला पटतं.

जुलै ते सप्टेंबर : गणित

इथे जरा थांबून सांगते, कारण तिसरीतली सगळ्यात जास्त रडारड याच तीन महिन्यांत होते.

हातच्याची वजाबाकी घ्या. २४५ आंबे आणले, त्यातले ६८ पिकले, कच्चे किती? निम्मा वर्ग २२३ लिहितो. कसं? मूल पाचातून आठ जात नाहीत हे पाहतं आणि मुकाट्याने आठातून पाच काढतं : तीन. मग सहातून चार : दोन. आणि वरचा दोन खाली. त्याच्या लेखी नियम सोपा आहे, मोठ्यातून लहान काढायचं. अशा वेळी “हातचा घेतला नाहीस!” असं ओरडून काही होत नाही, कारण हातचा म्हणजे काय हेच त्याला कळलेलं नाही.

खेळण्यातल्या नोटा घ्या किंवा कागद कापून करा. शंभराच्या दोन, दहाच्या चार, एक रुपयाचे पाच. म्हणा, “मला अडुसष्ट रुपये दे.” आठ सुटे मागितले की त्याच्याकडे पाचच आहेत. दोन मिनिटं ते अस्वस्थ होईल, आणि मग बहुतेक मुलं स्वतःच म्हणतात, “दहाची मोडू का?” तोच दशक सुटा करणं. दहाची मोडली की पंधरा सुटे झाले, आठ दिले, सात उरले. दहाच्या तीनच राहिल्या आणि द्यायच्यात सहा, मग शंभराची मोडायची. तेरातून सहा दिल्या, सात उरल्या. शंभराची एक शिल्लक. १७७. हे चार दिवस नोटांवर करा आणि मगच वहीकडे वळा.

पूर्वी मुलं दुकानात जाऊन सुटे आणायची, त्यांना ही मोडामोड अंगवळणी पडलेली असायची. आता घरोघरी मोबाइल पुढे करून पैसे दिले जातात आणि मुलाने शंभराची नोट मोडलेली कधी पाहिलेलीच नसते. आठवड्यातून एकदा पन्नासची नोट देऊन कोथिंबीर-मिरची आणायला पाठवा. उरलेल्या पैशांचा हिशोब तोंडी घ्या.

आता शाब्दिक उदाहरणं. बाजारातली गाइडं आणि काही शिकवण्या मुलांना युक्ती शिकवतात : ‘एकूण’ दिसलं की अधिक, ‘उरले’ दिसलं की उणे. ही युक्ती पहिल्या चाचणीपर्यंत चालते. मग मी विचारते, “राजू १२ गोट्या हरला. आता त्याच्याकडे १८ उरल्या. आधी किती होत्या?” युक्तीवाली मुलं ‘उरल्या’ बघतात आणि सहा लिहून मोकळी होतात. म्हणजे हरण्याच्या आधी राजूकडे सहाच गोट्या होत्या आणि त्यातल्या बारा तो हरला!

घरी असं करा. उदाहरणातले आकडे बोटाने झाका आणि म्हणा, “आता गोष्ट सांग.” “राजू काही गोट्या हरला, मग काही उरल्या, आधीच्या विचारल्यात.” “आधी जास्त असतील की कमी?” “जास्त.” झालं. आता बोट काढा. पहिले आठ-दहा दिवस फक्त गोष्ट सांगून घ्या, उत्तर काढूच नका. इंग्रजी माध्यमाचं मूल असेल तर उदाहरण इंग्रजीत वाचू द्या, पण गोष्ट मराठीत सांगू द्या. कित्येकदा अडतं ते इंग्रजी वाक्याशी आणि खापर फुटतं गणितावर.

पाढे. तिसरीत दहापर्यंतचे पक्के हवेत, आणि पाठच करायला हवेत. याबाबत मी जुन्या वळणाची आहे. ‘सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास’ या चालीतच अर्धं काम होतं. पण परीक्षा मधूनच घ्या. “सात सक?” म्हटलं की मूल मनातल्या मनात ‘सात एके’पासून जिना चढायला लागतं, ओठ हलताना दिसतात. तोवर पाढा अर्धाच आला आहे असं समजा. जिना न चढता उत्तर आलं की पुढचा पाढा घ्या. भागाकारासाठी मूठभर शेंगदाणे आणि चार वाट्या पुरतात.

एक खास आपल्या भाषेतली अडचण सांगते. मूल ‘एकोणतीस’ ऐकतं आणि ३९ लिहितं, कारण कानात ‘तीस’ वाजतो. तेच मूल ‘पावणेपाच’ म्हणजे ५ वाजून ४५ मिनिटं सांगतं. दोन्ही चुका सख्ख्या बहिणी आहेत. मराठी पुढच्या मुक्कामाचं नाव आधी घेते : तीस व्हायला एक उणा, पाच वाजायला पाव तास कमी. हे एकदा नीट उलगडून सांगितलं की दोन्ही एकदम सुटतात. मग एकोणचाळीस ते एकोणनव्वद असा पट्टा म्हणून घ्या आणि शेवटी नव्व्याण्णव या पट्ट्यात बसत नाही हे मुलालाच शोधू द्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. थट्टाही खूप झाली. मला विचाराल तर मुलाला सत्तावीस आणि बहात्तर यांत गोंधळताना ज्यांनी रोज पाहिलं आहे, त्यांना त्यामागचं कारण कळलं होतं. म्हणून काही आपण बोलायची भाषा बदलणार नाही. पण गोंधळलेल्या मुलाला दोन दिवस ‘वीस सात’ म्हणू दिलं तर आकाश कोसळत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर : आपला जिल्हा

तुम्ही स्वतः महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकला असाल तर तिसरीचा जिल्ह्याचा भूगोल आठवत असेल. बालभारतीने परिसर अभ्यासातही ती परंपरा जपली आणि तिसरीचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं काढलं. दिशा आणि नकाशा, पाणी, आहार, ज्ञानेंद्रियं, कुटुंब, गाव, सार्वजनिक व्यवस्था आणि सोबत आपला जिल्हा.

बदलीची नोकरी असणाऱ्यांनी याकडे लक्ष द्या. नाशिकहून साताऱ्यात आलेल्या मुलाला गोदावरी पाठ असते आणि इथे त्याच्यापुढे कृष्णा, वेण्णा, कोयना, उरमोडी येतात. शाळा बदलताना नव्या जिल्ह्याचं पुस्तक आठवणीने मागा. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत मूल कुठवर शिकलं आहे ते कळतं. दाखला हातात नाही किंवा यायला उशीर होतोय, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यातच तसं लिहिलं आहे.

हा विषय घोकायचा नाही, फिरायचा आहे. आमच्या जिल्ह्यात अकरा तालुके. महाबळेश्वरात पाऊस थांबता थांबत नाही आणि माण-खटावात तो यावा म्हणून वाट बघायची, तेही एकाच जिल्ह्यात. एसटीने कऱ्हाडला जाताना मुलाच्या हातात नकाशा द्या आणि बस कुठल्या दिशेला चालली आहे ते सकाळच्या उन्हावरून ओळखायला सांगा. प्रीतिसंगमावर उभं राहून कृष्णा कुठली आणि कोयना कुठली हे एकदा पाहिलेलं मूल ‘संगम म्हणजे काय’ या प्रश्नाला अडत नाही. तुमचा जिल्हा वेगळा असेल तर तुमचा संगम, तुमचा घाट, तुमचं धरण. नाहीतर निदान तुमच्या नळाला पाणी कुठून येतं ते टाकीपर्यंत चालत जाऊन बघा.

प्रकल्पांविषयी कळकळीने सांगते : ते तुम्ही करू नका. रंगीत कागदाची नक्षी, कापसाचे ढग आणि आईच्या वळणदार अक्षरातलं ‘पाण्याचे महत्त्व’ आम्ही दारातूनच ओळखतो. एका वर्षी वर्गात असे वीस-बावीस तक्ते आले. त्यांत माण भागातून आलेल्या एका मुलीने वहीचं फाटकं पान आणलं होतं. त्यावर सात दिवसांची नावं आणि पुढे उभ्या रेघा, घरात रोज किती हंडे पाणी आलं त्याच्या. शनिवारपुढे दोनच रेघा होत्या, कारण टँकर आला नव्हता. रविवारपुढे नऊ, कारण मामा आले होते आणि त्यांनी भरून दिलं. वर्गात त्या पानावर पाऊण तास बोलणं चाललं. सगळ्यात चांगली नोंद मी त्याच पानाची केली, आणि त्याला खर्च आला नव्हता काहीच.

परीक्षा आणि त्या श्रेणी

राज्य मंडळाच्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे. तिसरी-चौथीला प्रत्येक सत्रात शंभरातले साठ गुण आकारिक आणि चाळीस संकलित. आकारिक म्हणजे वर्गात रोज चालणारं : तोंडी काम, कृती, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा, आणि तीतही दहा गुण तोंडी-प्रात्यक्षिकाचे, लेखी फक्त तीस. म्हणजे ‘परीक्षेच्या आदल्या रात्री’ला तिसरीत तीस गुणांची किंमत आहे आणि वर्षभर वर्गात तोंड उघडून बोलण्याला त्याहून बरीच जास्त.

प्रगतिपत्रकावर श्रेणी येते. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, मग ब-१, ब-२ अशी खाली. अ-१ वरून अ-२ झालं म्हणून घरात सुतक पाळलेलं मी पाहिलं आहे. एका गुणाचाही फरक असू शकतो हो तो. मी श्रेणीआधी वर्णनात्मक नोंदी वाचा म्हणते. ‘वाचलेल्या मजकुरावर स्वतःच्या शब्दांत बोलतो’ किंवा ‘उदाहरण सोडवताना मदत लागते’ अशा ओळींत शिक्षकाने तुम्हाला काहीतरी सांगितलेलं असतं.

याखेरीज सरकारी आणि अनुदानित शाळांत राज्यभर एकसारख्या चाचण्या तिसरीतही होतात : सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि दोन. भाषा, गणित, इंग्रजी. देशपातळीवरचं सर्वेक्षणही तिसरीत होतं. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं ‘परख’ तिसरी, सहावी आणि नववीसाठी होतं. पायाभूत चाचणीला क्लास लावू नका. मूल कुठे उभं आहे ते शिक्षकाला कळावं म्हणून ती असते, तयारी करून दिली तर तिचा उपयोगच संपतो.

दिवाळीनंतर : मूल बदलतं

दुसऱ्या सत्रात आठ वर्षांचं पोर तुम्हाला सांगायला लागेल, “तुला काही येत नाही, आमच्या बाई असं नाही शिकवत.” राग गिळा. बाईंनाही वर्गात ऐकावं लागतं, “माझे पप्पा असं नाही सांगत.”

मैत्र्या आता घट्ट होतात, त्यामुळे कट्टीही घट्ट होते. दोन दिवसांची कट्टी असेल तर मध्ये पडू नका. दोन आठवडे मूल डबा एकट्याने खातंय, सोमवारी सकाळी पोट दुखतंय आणि रविवारी दुखत नाही, वही ‘हरवतेय’, असं दिसलं तर शाळेत या. व्हॉट्सअॅपच्या पालक गटावर विचारू नका. तिथे एका आईच्या साध्या प्रश्नाचं रात्री अकरापर्यंत भांडण झालेलं मी वाचलं आहे.

याच वर्षी बऱ्याच मुलांचा चष्मा लक्षात येतो. फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत बघणारं पोर आळशीच असेल असं नाही. मीही एकदा चुकले आहे. एका मुलाला मी दोन महिने ‘लक्ष नसतं तुझं’ म्हणून बोलत राहिले आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा त्याचा नंबर निघाला. तपासणीची वाट न बघता जूनमध्येच डोळे दाखवून घ्या. पुढचे मोठे दात आणि सहाव्या वर्षी येणाऱ्या मागच्या दाढा या कायमच्या असतात, त्या किडल्या तर पुन्हा येणार नाहीत, हेही याच वर्षी समजावून सांगा.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुली सावित्रीबाई होऊन येतात. साडी भाड्याने आणू नका, आजीची नेसवा. आणि पाच वाक्यांचं भाषण मुलीलाच लिहू द्या.

जानेवारी-फेब्रुवारी : शिष्यवृत्तीची कुजबूज

शिष्यवृत्ती परीक्षा काही वर्षं पाचवी आणि आठवीला होती. ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणायचं सरकारने २०२५ मध्ये ठरवलं. त्यामुळे तिसरीच्या पालकांना आता जानेवारीतच ‘फाउंडेशन बॅच’ची पत्रकं मिळतात. माझं मत स्पष्ट आहे : तिसरीत काही लावू नका. शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेत मुलं अडतात ती लांबलचक प्रश्न वाचताना, आणि त्याची तयारी म्हणजे रोजची ती दहा मिनिटं. खासगी प्रज्ञाशोध परीक्षांचे अर्जही येतील. गंमत म्हणून एखादी द्यायला हरकत नाही, पदकाचा फोटो स्टेटसला लावायचा नसेल तर.

एप्रिल : निकाल घ्यायला जाल तेव्हा

गावाकडची तिकिटं काढण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक बघा, ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबू शकते. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास येतो, मुलं त्याची वर्षभर आधीपासून वाट बघतात. सुट्टीत वेगळी पूर्वतयारी नको, जवळचा एखादा किल्ला चढून या.

निकालाच्या दिवशी गर्दी असते, शिक्षकाकडे प्रत्येकासाठी चार मिनिटं असतात. ‘कसा आहे हो आमचा?’ असं विचारलं तर ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. अनोळखी उतारा वाचून तो स्वतःच्या शब्दांत सांगतो का? हातच्याची वजाबाकी कुणाला न विचारता करतो का? वर्गात तो कुणाशी बोलतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दरवर्षी थोडा वेळ लागतो, तेवढा थांबा.